दागिन्याची याद : एकोणिसाव्या शतकातल्या कोकणी दागिन्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

चिपळुणातल्या जुन्या घरात ‘हा आमच्या आजीचा’ म्हणून डबीतून काढून दाखवलेला दागिना बहुधा आजीचा नसतो. आज ऐंशीच्या घरात असलेल्या बाईचा जन्म १९४५च्या आसपासचा. तिच्या सासूचा १९१५-२०चा आणि आजेसासूचा १८९०च्या मागेपुढे. तेव्हा एकोणिसाव्या शतकात घडवलेला नग घरात असलाच, तर तो निदान आजेसासूच्या, नाहीतर तिच्याही सासूच्या अंगावरचा. मधल्या दोघीतिघी सांगताना गळून जातात, कारण ज्या हातातून दागिना आपल्याकडे आला तेवढाच हात माणसाला आठवतो. या विषयात शिरणाऱ्याने पहिले काम करायचे ते हेच. गळलेल्या बायका मोजायच्या आणि आपापल्या जागी परत बसवायच्या.

अशा मोजणीला बसणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. इतिहासाचे विद्यार्थी, घरच्या डबीचे पुढे काय करायचे या विचारात पडलेल्या लेकीसुना, जुने नग जमवणारे हौशी, आणि वाडवडिलांची ऐरण-सांडशी अजून पेटीत जपून ठेवलेले सोनार, सगळ्यांचे इथे स्वागत. विषय परका नाही. नथ, ठुशी, बुगडी हे शब्द न ऐकलेला मराठी माणूस शोधून सापडणार नाही. अडचण त्यामुळेच होते. शब्द ओळखीचा म्हणून वस्तूही ओळखीची असे आपण धरून चालतो, आणि १८६०ची बुगडी नि परवा पेठेतून आणलेली बुगडी एकाच मापाने मोजतो. आणखी एक सवय दाराबाहेर ठेवून यावी लागेल. सोने दिसले की आपण आधी तोळे विचारतो आणि लगेच आजचा भाव. इथे तोळे जरूर विचारा, भावाचे सराफाकडे बघू.

दागिन्यांवरच्या लेखनात कोल्हापूरचा साज येतो, पुण्याची मोत्यांची नथ येते. चिपळूण येत नाही. इथल्या पेठेत एखादा खास घाट जन्मला असा दावा मीही करणार नाही. चिपळूणचे महत्त्व वाटेवरच्या गावाचे आहे. दाभोळच्या खाडीतून भरतीबरोबर वाशिष्ठीत शिरलेली गलबते-पडाव गोवळकोटला लागत, तिथला माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे चढे आणि घाटावरचा माल त्याच वाटेने खाली उतरे. इराणच्या आखातातला मोती मुंबईच्या बाजारात येई आणि तिथून किनाऱ्याने खाली. माणसेही याच वाटांनी गेली. पेशवाईत कोकणी घराणी देशावर गेली, आणि शिरपेच, चौकडा, भिकबाळी, सल्लेजोडी हे दरबारी नग कोकणाच्या ओळखीचे झाले. पुढे १८५६मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी चालू झाली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत, कचेऱ्यांत पांगले. चाकरमान्याचा पैसा गावी आला तो पोटापाण्याला आणि देण्याला पुरून उरला, तर बायकोच्या अंगावर चढला. गावात बँक नव्हती, जमीन खोताची होती. कुळाने आपले म्हणावे असे धन बायकोच्या गळ्यात आणि हातात. कोकणातल्या दागिन्याचा विचार खोतीपासून तोडून करता येत नाही असे माझे मत आहे, आणि या पुस्तकातल्या दोन प्रकरणांत ते वाचकाला वारंवार भेटेल.

नेमक्या याच काळात विलायतेत दागिन्याला बोलते करण्याची लाट आली होती. खड्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरे जुळवून ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, असा शब्द साधणाऱ्या अंगठ्या प्रेमिक एकमेकांना देत. आल्बर्टने व्हिक्टोरियाला वाङ्निश्चयाची अंगठी दिली ती सापाच्या आकाराची होती, कारण शेपूट तोंडात धरलेला साप म्हणजे अखंड प्रेम, असा तिकडचा संकेत. १४ डिसेंबर १८६१ला आल्बर्ट वारला. राणीने उरलेली चाळीस वर्षे काळे कपडे घातले, आणि तिच्या मागोमाग सगळ्या देशाने दुःखाचे दागिने घालायला सुरुवात केली. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी गावी मिळणारे जेट हे काळे कुळकुळीत द्रव्य, लाकूड कोट्यवधी वर्षे दबून झालेले, त्याच्या माळा आणि कर्णफुले घडवणारे कारखाने जोरात चालले. गेलेल्या माणसाचे केस विणून त्यांचे कडे करत, लॉकेटात काचेखाली बसवत, मागे नाव आणि तारीख कोरत. आज शे-दीडशे वर्षांनी असे लॉकेट लंडनच्या बाजारात कुणा अनोळखी माणसाच्या हाती पडले, तरी ते आपली हकीकत स्वतःच सांगते. कोण गेले, केव्हा गेले, कुणाला दुःख झाले.

आपली पाटली असे काही सांगत नाही. तिच्यावर नाव नाही, तारीख नाही. याची मला फार दिवस मौज वाटत आली आहे, कारण नावे घालण्याची हौस आपल्याला कमी नाही. घरातल्या पातेल्यांच्या कडेला, तांब्यांच्या गळ्याशी, पितळी डब्यांच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव, गाव, तिथी, ‘सौ. कां.’ सगळे काही येते. मुलीच्या लग्नात दिलेल्या घागरीवर देणाऱ्याचे नाव आणि तिच्या पाटल्या मात्र कोऱ्या. पाश्चात्त्य अभ्यासकांनी यावरून असे मानले की हिंदी दागिना म्हणजे साठवलेले धन, त्यात भावनेला जागा थोडी. सर जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या जाणत्याने १८८०मध्ये हिंदी कलाकौशल्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही घाट आणि कारागिरी यांचे कौतुक भरपूर. हा नग कुणी कुणाच्या अंगावर का घातला, हे विचारायला ते फारसे थांबले नाहीत.

थांबले असते तर उत्तर त्यांना दागिन्यावर मिळाले नसते, कागदावर मिळाले असते. जुन्या घरांच्या दप्तरांत लग्नाच्या यादी सापडतात, मोडीत लिहिलेल्या, शकाच्या सालाने सुरू होणाऱ्या. त्यांत ओळीने नग येतात, प्रत्येकापुढे वजन, आणि कुणाकडून आले ते. वजनाचा हिशेब तोळे, मासे, गुंजा असा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. कंपनी सरकारने १८३०च्या दशकात रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरवले आणि तोळाही तेवढाच धरला. त्यामुळे ‘रुपयाभार सोने’ ही बोली रूढ झाली, आणि तराजूच्या एका पारड्यात नाणे टाकून घरच्या घरी नग जोखता येऊ लागला. अशी याद हाती लागली की पाटली, गोठ, सरी, बुगडी यांच्यामागे माणसे उभी राहतात. बापाने काय घातले, आजोळहून काय आले, सासूने सुनमुख पाहताना काय दिले. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांतली एक माहेरची आणि एक सासरची हे तर आजही सगळ्यांना ठाऊक आहे.

कायद्यालाही हे नाते ठाऊक होते. स्त्रीधनाचे प्रकार स्मृतिकारांनी मोजले, त्यांत लग्नाच्या अग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना दिलेले, बापाने, आईने, भावाने दिलेले आणि ‘प्रीतिदत्त’, म्हणजे प्रेमाने दिलेले असे वर्ग आहेत. मिताक्षरा आणि नीळकंठ भट्टांचा व्यवहारमयूख या दोन ग्रंथांच्या आधारे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात स्त्रीधनाचे वाद सोडवले. म्हणजे इंग्रज माणूस जी भावना लॉकेटाच्या पाठीवर कोरत होता, तिची नोंद आपल्याकडे वारसाहक्काच्या कायद्यात झालेली होती. आमच्या अभ्यासाचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे. मराठी दागिन्याची भावना तो कुणाकडून कुणाकडे गेला या प्रवासात आहे. प्रवास हरवला की हातात उरतो तो घाट आणि वजन.

एक अपवाद मात्र आहे, आणि त्याच्यावर थोडे रेंगाळावेसे वाटते. बायको गेली आणि नवऱ्याने दुसरे लग्न केले, तर दुसरेपणावर आलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधण्याची चाल महाराष्ट्रात होती. टाक म्हणजे चांदीचा, क्वचित सोन्याचा छोटा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. देव्हाऱ्यातल्या कुलदैवतांच्या आणि पूर्वजांच्या टाकांसारखाच, पण हा अंगावर बाळगायचा. काही घरांत नवे लुगडे, नवा दागिना आधी टाकाला दाखवून मग नेसायची-घालायची रीत होती. पहिलीचा जीव संसारात अडकलेला असेल, तिने दुसरीला त्रास देऊ नये, यासाठी हे. दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात तिने कधी न पाहिलेल्या बाईचे चित्र, आणि बहुधा अंगावर दागिनेही त्याच बाईचे. व्हिक्टोरियाच्या लॉकेटाला आपल्याकडचे उत्तर म्हणून कुणी टाक पुढे केला तर तो पूर्ण बरोबर नाही. लॉकेट आठवणीसाठी होते, टाक समजुतीसाठी. तरीही मेलेल्या माणसाची मूर्ती जिवंत बाईच्या छातीवर आणून ठेवणारा हा आपल्या भागातला दागिना आहे, आणि तो संग्रहात देव्हाऱ्याच्या सामानात पडून राहतो. जुन्या टाकांना वर कडी असेल आणि ती झिजलेली असेल, तर तो पाटावर बसलेला नसून गळ्यात फिरलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

नवरा गेला तर गोष्ट निराळी. विलायतेत विधवा काळे दागिने चढवी. इथे ब्राह्मण आणि तत्सम घरांतल्या विधवेचे सगळे उतरत, आणि केशवपनाने केसही जात. तिकडे केसांचा दागिना होत होता त्याच दशकांत इकडे केस आणि दागिने एकाच दिवशी जात होते. संग्रहालयात या दुःखाची एकही वस्तू नाही. ते कळते ते आत्मचरित्रांतून. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ आणि त्यांच्या बहिणीचे, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ ही दोन्ही पुस्तके या विषयाच्या विद्यार्थ्याने दागिन्यांसाठी वाचायला हवीत. उतरलेले नग स्त्रीधन म्हणून तिच्या नावावर राहत, पण वापर सुनेचा किंवा लेकीचा. १८५६च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह केलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क संपवला. त्यामुळे डबीतले नग कुणाचे, माहेरचे कोणते आणि नवऱ्याच्या घरचे कोणते, हा प्रश्न तिच्यासाठी कोरड्या हिशेबाचा राहिला नाही.

भावना नग विकण्यातही असते, आणि याचे एक उदाहरण चिपळूणकरांच्या दारातले आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६चा, तेव्हाच्या चिपळूण तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले, थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली, आणि गोपाळच्या कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा वहिनीने आपले दागिने पुढे केले, असे त्यांची चरित्रे सांगतात. ते नग कोणते, किती वजनाचे, याची नोंद नाही. विकलेल्या दागिन्याचा इतिहास असाच असतो, आणि कोकणातली कितीतरी शिक्षणे, कितीतरी मुंबईचे पहिले महिने याच न दिसणाऱ्या सोन्यावर निघाले आहेत.

आता नग हातात घेऊन बघू. पुतळ्यांची माळ घ्या. माळेतल्या प्रत्येक चकतीवर दोन आकृत्या असतात, एक उभी आणि एक वाकलेली, मध्ये काठीसारखे काही. घरात विचारले तर राम-सीता म्हणतात, कुणी लक्ष्मी-नारायण. मूळ आहे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात. त्या गणराज्याचा प्रमुख सेंट मार्कपुढे गुडघे टेकून ध्वजाचा दांडा धरतो, आणि नाण्याच्या दुसऱ्या अंगाला ताऱ्यांच्या लंबवर्तुळात येशू. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन आणि जवळजवळ शुद्ध सोने, म्हणून ते नाणे पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके विश्वासाने चालले. व्हेनिसचे गणराज्य १७९७मध्ये बुडाले, पण आपल्या सोनारांनी त्याची पुतळी ठोकणे थांबवले नाही. प्रत्येक नकलेत थोडे गळाले. कडेची लॅटिन अक्षरे आधी वाकडी झाली, मग नुसत्या उभ्या रेघा, मग ठिपके. संताच्या डोक्यामागचे तेजोवलय मुकुट झाले. चांगल्या भिंगातून पाहिले तर या ऱ्हासाच्या पायऱ्या दिसतात, आणि एकाच माळेत दोन-तीन पायऱ्यांच्या पुतळ्या मिळतात, कारण माळ दर पिढीत वाढवली गेली. अशा माळेला एक साल देता येत नाही. राणीछाप नाण्यांच्या माळेला देता येते असे वाटते, पण तिथेही सावध राहायला हवे. १८६२चे नाणे १९१०मध्येही माळेत ओवता येते. नाण्याचे साल माळ त्याच्या आधीची नाही एवढेच सिद्ध करते.

नथ अधिक अवघड. ती मोडते, मोती सुटतात, पटवेकऱ्याकडे जाते आणि नवी होऊन येते. आकडा आजेसासूच्या काळातला, मधले मोठे मोती तिच्या सुनेच्या हौसेचे, बाजूचे बारीक मोती गेल्या वर्षीचे, असा प्रकार सर्रास असतो. मोत्याच्या छिद्रात भिंग लावून डोकावणे हा यावरचा साधा उपाय आहे. आखातातले मोती हाताने, धनुष्यासारख्या सामत्याने दोन्ही बाजूंनी भोसकत, त्यामुळे छिद्र मध्यावर किंचित चुकलेले असते. जपानी पैदाशी मोत्यात शिंपल्याचा गोल मणी आत असतो आणि त्याच्याभोवती पातळ थर. छिद्रात ती सीमारेषा गडद दिसते. मिकिमोतोने पहिला पैदाशी अर्धगोल मोती १८९३मध्ये मिळवला, पण गोल मोती बाजारात आले ते पहिल्या महायुद्धानंतर. तेव्हा ती रेषा दिसली की मोती विसाव्या शतकातला, आकडा काही म्हणो. नथ साबणाने धुवू नका आणि अत्तराच्या बाटलीजवळ ठेवू नका, हे जाता जाता सांगून टाकतो, कारण मेलेल्या मोत्यावर इलाज नाही.

बोरमाळ, मोहनमाळ, गोठ यांच्याबाबतीत वजनाने फसू नये. जुन्या मण्यांत लाख भरलेली असते. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख, म्हणजे मणी चेपत नाही आणि थोड्या सोन्यात भरगच्च दिसतो. सराफ लाख काढून वजन करतो, आणि लाख काढली की मणी गेला.

फॅशन हा शब्द एकोणिसाव्या शतकाला लावला की काही जण नाराज होतात, जणू जुने ते कायमचे होते. तसे कधीच नव्हते. सगळ्यांत मोठी उलथापालथ पुरुषांच्या अंगावर झाली. शतकाच्या सुरुवातीचा प्रतिष्ठित मराठी पुरुष उजव्या कानात भिकबाळी, गळ्यात गोफ किंवा कंठी, मनगटात सलकडी घालून चारचौघांत बसे. शतक संपेपर्यंत इंग्रजी शिकलेल्या त्याच्या नातवाच्या अंगावर खिशातल्या घड्याळाची साखळी, सदऱ्याची सोन्याची बटणे आणि एखादी अंगठी एवढेच उरले. बायकांच्या बाबतीत डोक्यावरचे आधी गेले. मूद, राखडी, केतकी, अग्रफूल हे खोप्याच्या आणि वेणीच्या घडणीशी बांधलेले नग होते. केशरचना बदलली तसे ते डबीत पडले, पुढे मोडीत गेले. नवे आले ते पोलक्याबरोबर आलेले ब्रोच, फोटो बसवायचे लॉकेट आणि फिरकीची एरिंगे. राजा रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या तसबिरी घरोघरी टांगल्या गेल्या. नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या सरस्वती-लक्ष्मीने मराठी दागिन्यांचा एक साचा सबंध हिंदुस्थानभर पोचवला, आणि तो साचा परत येऊन आपल्याच सोनारांना नमुना झाला. तिकडे इंग्रज मडमांनाही हिंदी दागिन्यांचे वेड होते. युवराज एडवर्ड नोव्हेंबर १८७५मध्ये मुंबईत उतरला. त्याला मिळालेल्या नजराण्यांची नंतर विलायतेत प्रदर्शने झाली आणि मद्रासचे देवदेवतांच्या आकृत्यांचे ‘स्वामी’ दागिने तिकडच्या बायकांच्या अंगावर आले. आपली नथ मात्र त्या वेडातून सुटली. नाक टोचायची मडमेची तयारी नव्हती.

हौस म्हटली की सगळ्यांना सारखी करता येत होती असे मानू नये. सोने कोणी घालावे, चांदी कोणी, पितळ आणि कथील कोणाच्या वाट्याला, याला जातीचे कुंपण होते. पायात सोने घालायचे नाही हा नियम बहुतेकांना धर्म म्हणून सांगितला जातो. गळ्यातले आणि हातातले नियम कोणी सांगत नाही, कारण ते सांगायला लाज वाटावी असे आहेत. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले, त्यात गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतची चांदी-कथलाची कडी टाकून द्या, ती अस्पृश्यतेची ओळख आहे, असे सांगितले. त्या बायकांनी ती टाकली. संग्रहालयाच्या काचेमागे अशी कडी दिसली तर तिच्याखाली ‘पारंपरिक चांदीचे दागिने’ एवढीच पाटी लावणे मला अप्रामाणिक वाटते. तसेच कुणबी, भंडारी, कोळी बायकांच्या अंगावरच्या काचमण्यांच्या पोतींकडे आणि गोवळकोट-कालुस्त्याच्या मुसलमान घरांतल्या दागिन्यांकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले. या पुस्तकाचा तोल ब्राह्मण घरांच्या बाजूला झुकलेला आहे, कारण लिहिलेल्या यादी त्यांच्याकडे अधिक टिकल्या. पुढच्यांनी तो तोल सावरावा.

एकोणिसाव्या शतकातले इतके थोडे का उरले, याचे उत्तर सरळ आहे: वितळवले. १८७६-७८च्या दुष्काळात इलाख्यातल्या लोकांनी विकलेले चांदीचे दागिने गाड्या भरून मुंबईच्या टाकसाळीत गेले आणि रुपये होऊन बाहेर पडले. तोवर चांदीचा दागिना आणि चांदीचा रुपया यांत फरक मजुरीपुरता होता. जून १८९३मध्ये सरकारने टाकसाळ लोकांच्या चांदीला बंद केली. त्या दिवसापासून बाईच्या पायातल्या तोड्यांचा भाव घसरत गेला आणि रुपयाचा राहिला. १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, कितीएक सोनारांनी धंदा सोडला, आणि त्यांच्याबरोबर बागेसरीवर फुंकणीने डाग देण्याचे, जंतरातून तार ओढण्याचे हात गेले. ते नियंत्रण १९९०मध्ये पूर्णपणे उठले. मोड मात्र कायदा नसतानाही चालूच आहे, दर लग्नसराईत.

गंमत अशी की सोन्यात मेलेले काही घाट साखरेत जिवंत आहेत. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला बाळाला हलव्याचे दागिने घालतात, त्यांत आजही बाजूबंद, मेखला, बिंदी येतात. ते सोन्याचे घरात कुणी पाहिलेले नसते. डोहाळजेवणाच्या फुलांच्या वाडीतही वेणीवरचे जुने नग फुलांचे होऊन येतात. हलवा करणाऱ्या बायकांच्या हातात जो नमुना आहे तो कुठून आला, याचा माग कुणीतरी काढायला हवा. चांगल्या प्रबंधाचा विषय आहे.

नवख्याने कुठून सुरुवात करावी? मोल्सवर्थचा कोश, १८३१चा आणि वाढवलेला १८५७चा, दागिन्यांच्या नावांसाठी आजही पहिला. जिल्ह्याच्या माहितीसाठी १८८०चे रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियर, त्यातल्या जातवार वर्णनांकडे थोडे संशयाने बघत. वस्तू पाहायला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, आणि मुंबईत भायखळ्याचे, १८७२मध्ये उघडलेले आणि आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने चालणारे संग्रहालय, जिथे निरनिराळ्या समाजांची माणसे त्यांच्या वेशात मातीत घडवून ठेवली आहेत. चिपळुणात १८६४पासूनचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. जुने कौटुंबिक फोटो जरूर पाहा, पण फोटोसाठी अंगावर घातलेले नग शेजारणीचे असू शकतात हेही लक्षात ठेवा. आणि अमेरिकेतल्या नातीला आजेसासूची नथ पाठवायचा विचार असेल तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या कायद्याने बंदी आहे, हे आधी वाचून घ्या.

वाचकांना एकच विनंती आहे. घरातला नग मोडीला देण्याआधी, किंवा दोन लेकींत वाटण्याआधी, त्याची याद लिहा. नग, वजन, पुढून आणि मागून फोटो, कडीचा, फिरकीचा, दोऱ्याचा जवळून फोटो, आणि कुणी कुणाला कशानिमित्त घातला. माहेर कुठले, सासर कुठले, मधल्या बायकांची नावे. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. दोन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावी असलेल्या नातलगाकडे द्या. आणि आपली प्रत तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी पेठेत शिरले तेव्हा बरेचसे सोने धुऊनपुसून परत डबीत ठेवता आले. ओले झालेले मोडी कागद वाळवता आले नाहीत.